कॅम्पर घेण्याआधी गाडीच्या दारावरचं स्टिकर वाचा

पत्र थोडक्यात: मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरातून एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. घरात नवरा, दहा आणि सहा वर्षांची मुलं, आणि मे महिन्यात नाशिकहून आलेले सासू-सासरे. ते ऑक्टोबरअखेर परत जातील. गेल्या वर्षी स्टेट पार्कमध्ये तंबू ठोकून एक वीकेंड काढला. रात्रभर पाऊस, ओली पांघरुणं, मुलांना टॉर्च घेऊन स्वच्छतागृहापर्यंत नेणं, परत आल्यावर तिने जाहीर केलं, "पुन्हा तंबू नाही." नवऱ्याने त्यावर तोडगा शोधला आहे: वापरलेला 26 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचा, आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेला कॅम्पर, किंमत 19,500 डॉलर. विकणारा म्हणतो, "वजन फक्त 4,400 पौंड आहे, तुमची एसयूव्ही 5,000 ओढते, आरामात जाल. पण लवकर ठरवा, दुसरं गिऱ्हाईक आहे." मैत्रीण विचारते: "घ्यावा का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना हे झेपणार नाही. आणि खरं सांगू का, तिथेही दोन दिवस मीच पोळ्या लाटत बसणार. पण नाही म्हटलं की सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालणारी मीच ठरते."

उत्तर:

तुमच्या पत्रात प्रश्न एक आणि गाठी तीन आहेत. ट्रेलर तुमच्या गाडीला झेपेल का, त्याचा खर्च वसूल होईल का, आणि तिथे राबणार कोण. तिसरी गाठ तुम्ही "खरं सांगू का" म्हणत शेवटी लिहिलीत, पण सगळं पत्र तिच्याभोवतीच फिरतं आहे. तरी सुरुवात वजनापासून करते, कारण तिथे मतभेदाला जागाच नाही. आकडे मांडले की विषय संपतो.

विकणाऱ्याने सांगितलेले 4,400 पौंड हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. कारखान्यातून निघताना जे असतं ते. त्यात गॅसचे सिलिंडर आणि बॅटरी बहुधा धरलेली नसते. दोन भरलेले छोटे सिलिंडर साधारण 75 पौंड, बॅटरी 55. मग गाद्या-पांघरुणं, भांडी, खुर्च्या, पाण्याचा पाइप, वायर, किराणा, सहा जणांचे कपडे: हे 500 पौंडांच्या खाली कधी राहत नाही. झाले 5,030. अजून पाण्याचा थेंब भरलेला नाही. एक गॅलन पाणी म्हणजे 8.3 पौंड, म्हणजे 40 गॅलनची टाकी भरली की आणखी 330. "फक्त 4,400" चे 5,360 झाले.

पण खरी अडचण ओढण्याची नाही, पेलण्याची आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार गाडीच्या मागच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडावर, पडायला हवा. त्याला टंग वेट म्हणतात. तो कमी पडला तर ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा डोलायला लागतो. 5,030 चे 12 टक्के धरले तरी 600 पौंड होतात, आणि 5,000 पौंड ओढणाऱ्या बहुतेक एसयूव्हींना हिचवर 500 च चालतात. आता चालकाचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. तुमच्या वर्गातल्या गाड्यांवर हा आकडा 1,300 ते 1,500 च्या आसपास असतो; आपण 1,400 धरू. चार मोठी माणसं 580, दोन मुलं 140, टंग वेट 600, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच स्वतःच 80, डिकीतलं सामान 150. बेरीज 1,550. हा हिच मागचा भार पुढच्या चाकांकडे वळवतो, हे खरं. पण त्यामुळे गाडीची क्षमता एका पौंडानेही वाढत नाही. दुकानदार हे सांगायला नेमके विसरतात.

तेव्हा हा ट्रेलर या गाडीला, सहा माणसांसकट, झेपत नाही. तुमच्या नवऱ्याला हे तुम्ही ऐकवण्याची गरज नाही. त्याला त्या स्टिकरसमोर कागद-पेन घेऊन बसवा आणि बेरीज त्यालाच करू द्या. विरजण घालण्याचं काम स्टिकर करेल. मात्र त्याची पुढची ओळ काय असेल तेही सांगून ठेवते: "मग पिकअप घेऊ." वर्षातल्या सहा-सात वीकेंडसाठी उरलेले दिवस पिकअपमधून ऑफिसला जायचं असेल तर जरूर घ्या.

आता खर्च. मिशिगनमध्ये विक्रीकर 6 टक्के, म्हणजे 1,170 डॉलर. हिच आणि ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारं उपकरण) बसवायला हजारच्या घरात. तुमच्या सोसायटीची नियमावली काढून बघा. बऱ्याच सबडिव्हिजनमध्ये कॅम्पर ड्राइव्हवेवर एक-दोन दिवसांपलीकडे उभा करू देत नाहीत. मग भाड्याची जागा आली, महिना 90 धरा. विमा, आणि हिवाळ्याआधी नळांमधलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरणं. हे तुमच्याकडे टाळताच येत नाही. एका थंडीत राहिलेलं पाणी गोठून पाइप आणि पंप फुटतात आणि ते कळतं एप्रिलमध्ये. सगळं मिळून पहिल्या वर्षी किमतीवर साडेतीन-चार हजार सहज चढतात.

त्यासमोर वीकेंड मोजा. मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत बावीसेक. त्यातून मराठी शाळेचे रविवार, सॉकर, वाढदिवस, मंडळाचा गणपती आणि त्याच्या नाटकाच्या तालमी वजा करा. सहा-सात उरले तर नशीब. आणि उरलेल्या वीकेंडला जागा मिळायला हवी ना! मिशिगनच्या स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी, सकाळी 8 वाजता उघडतं. 10 जुलैची साइट हवी तर 10 जानेवारीला बर्फ पडत असताना लॅपटॉपसमोर बसायचं. लडिंग्टनसारख्या पार्कच्या उन्हाळी शनिवार-रविवारच्या साइट डोळ्यांदेखत उडतात. "कॅम्पर दारात असला की मनात आलं आणि निघालो" हे स्वप्न तुमच्याकडे फक्त मे महिन्यात आणि लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) खरं होतं. एरवी रद्द झालेल्या साइटवर डोळा ठेवावा लागतो. ऐन वेळच्या रद्द साइट बुधवार-गुरुवारी बऱ्यापैकी निघतात.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर यंदा काहीही विकत घेऊ नका. भाड्याने घ्या, आणि तोही साइटवर आणून लावून देणारा. आउटडोअर्सी, आरव्हीशेअर यांसारख्या ठिकाणी मालक स्वतः कॅम्पर पार्कमध्ये आणतो, समतल करून वीज जोडून देतो आणि रविवारी घेऊन जातो. तुमची गाडी, तिचा हिच, तिचं स्टिकर, सगळे प्रश्न बाजूला. रात्रीचे सव्वाशे-दीडशे, आणण्या-नेण्याचे शंभर-दीडशे, वर विमा आणि फी धरून दोन रात्रींचे पाचशेच्या आसपास जातील. महाग वाटेल; पण वर्षाचे सहा वीकेंड केलेत तरी तीन हजार, आणि हिवाळ्यात फुटायला पाइप नाहीत. बुकिंग करण्याआधी पार्कच्या ऑफिसला फोन करून त्रयस्थाने कॅम्पर आणून लावलेला चालतो का आणि साइटवर किती माणसं चालतात, हे दोन प्रश्न विचारून घ्या.

पार्क जवळचं निवडा. ब्रायटनचं बिशप लेक, हॉली, वॉटरलूचं पोर्टेज लेक. तासाभराच्या आतबाहेर. शुक्रवारी पाच वाजता निघून लडिंग्टन गाठायला निघालात तर पोचेपर्यंत रात्रीचे दहा होतात, शांततेचे तास सुरू होतात, मुलं पेंगुळलेली, आणि पोटात काही नाही. कॅम्पिंगवरून घराघरांत होणाऱ्या भांडणांपैकी निम्मी शुक्रवारी रात्रीचीच असतात.

आता पोळ्यांकडे वळू. तुम्ही गृहीत धरलं आहे की कॅम्पर आला की स्वयंपाक आला, आणि स्वयंपाक आला की तो तुमच्याकडे आला. पहिलं अर्धं खरं आहे. तंबूत निदान ब्रेड-बटाट्यावर भागतं. कॅम्परमध्ये ओटा, शेगडी, फ्रिज दिसला की घरच्यांना वरण-भाताची आठवण होते. दुसरं अर्धं मात्र कुठल्याही पार्कच्या नियमात लिहिलेलं नाही.

कॅम्परच्या आत फोडणी करूच नका. हे सल्ला म्हणून नाही, तांत्रिक कारणासाठी सांगते आहे. बऱ्याच कॅम्परमधला शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून आतच सोडतो. मोहरी तडतडली की तीन फुटांवरचा धुराचा अलार्म बोंबलतो, आणि लसणाचा वास गाद्यांमध्ये असा बसतो की भाड्याचा कॅम्पर असेल तर साफसफाईचे पैसे कापले जातात. दोन बर्नरची गॅसची शेगडी बाहेर पिकनिक टेबलावर मांडा. टेबल मोकळं, सगळ्यांसमोर, चारी बाजूंनी हात पोचणारं. तिथे एकटीने राबणं अवघड जातं, कारण सगळ्यांना दिसतं.

विजेचंही गणित आहे. 30 अँपिअरची जोडणी म्हणजे जेमतेम 3,600 वॅट. एसी दीड हजार खातो, इंडक्शन 1,800, चहाची इलेक्ट्रिक किटली पुन्हा दीड हजार. तिन्ही एकदम लावलं की साइटवरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर पडतो आणि मग कोणी तरी चपला शोधत बाहेर जातं. एका वेळी एकच मोठं उपकरण, हे मुलांनाही सांगून ठेवा. इथल्या 120 व्होल्टवर चालणारा 550 वॅटचा मिक्सर यात बसतो, फक्त सकाळी आठच्या आत चटणी वाटू नका. शांततेचे तास रात्री 10 ते सकाळी 8 आहेत.

जेवणाचा बेत असा ठरवा की लाटणं घरीच राहील. शुक्रवारी रात्रीसाठी दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, दही, शेंगदाण्याची चटणी. पोचल्यावर काही पेटवायचंच नाही. शनिवारी सकाळी भाजणीचं थालीपीठ, पण थापणारे हात बदलून. दुपारी मेतकूट-भात किंवा पुलाव. शनिवारची रात्र निखाऱ्यांची: ऑगस्ट-सप्टेंबरात मिशिगनचं कणीस रस्त्याकडेच्या टपरीवर मिळतं, ते सालासकट निखाऱ्यावर, वांगं भाजून भरीत, बटाटे आणि रताळी फॉइलमध्ये. वांगं भाजण्यात तुमचे सासरे तुमच्याहून तरबेज निघाले तर आश्चर्य वाटू देऊ नका. रविवारी उरलंसुरलं. फ्रिज निघायच्या बारा तास आधी सुरू करायला मालकाला सांगा आणि आत सामान थंडगार करूनच भरा. कॅम्परचा फ्रिज थंड ठेवतो, थंड करायला मात्र फार वेळ घेतो.

लाकडं घरून नेऊ नका. अॅश झाडं पोखरणारा एमराल्ड अॅश बोरर हा भुंगा अमेरिकेत पहिल्यांदा ओळखला गेला तो 2002 मध्ये, तुमच्याच डेट्रॉइट परिसरात. पुढे त्याने कोट्यवधी झाडं मारली, आणि तो दूरदूर पोचला तो लोकांनी गाडीत घालून नेलेल्या सरपणातून. लाकूड पार्कमध्येच विकत घ्या.

कामाची वाटणी निघण्याआधी, कागदावर करा. ट्रेलरची हौस नवऱ्याची असेल तर पाणी भरणं, वीज, टाक्या रिकाम्या करणं आणि शनिवारची दोन्ही जेवणं त्याची. "मी मदत करेन" हे वाक्य चालणार नाही. मदत म्हटलं की काम तुमचंच राहिलं.

सासूबाईंना झेपणार नाही, असं तुम्ही लिहिलंत. त्यांना विचारलं आहे का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. ज्या पिढीने परसातलं न्हाणीघर आणि रात्री कंदील घेऊन जाणं पाहिलं आहे, तिला कॅम्परचं कौतुक वाटण्याची शक्यता भीती वाटण्याइतकीच आहे. गुडघ्यांची अडचण मात्र खरी. कॅम्परच्या दाराशी दोन-तीन पायऱ्या असतात, अरुंद आणि हलणाऱ्या. भाड्याने घेताना तीन गोष्टी विचारा: पायऱ्या घडीच्या आहेत की जमिनीवर टेकणाऱ्या (टेकणाऱ्या घ्या), दाराशी धरायला मोठा दांडा आहे का, आणि पुढच्या खोलीतल्या पलंगावर दोन्ही बाजूंनी चढता येतं का. तो पलंग सासू-सासऱ्यांचा. मुलं बंकवर, तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलाच्या पलंगावर. पाठ थोडी धरेल. किंवा काही पार्कमध्ये मिनी केबिन असतात: वीज, चार जणांची झोपायची सोय, आत संडास नाही. सासू-सासऱ्यांचा कल बघून एक पर्याय निवडा.

संडासाबद्दल मोकळेपणाने बोलते, कारण हे कुठल्याच माहितीपुस्तकात सापडत नाही. आपल्याकडे पाणी लागतं, आणि कॅम्परला त्याचं वावडं नाही. उलट मैल्याच्या टाकीत पाणी कमी पडलं तरच ती तुंबते. प्रश्न मापाचा आहे. ही टाकी साधारण 30 गॅलनची. फ्लश आणि मग्गा धरून दर वेळी पाऊण गॅलन, सहा माणसं, दिवसातून चार वेळा: 18 गॅलन रोज. शनिवारी रात्री टाकी काठोकाठ. म्हणून दिवसा पार्कचं स्वच्छतागृह, सोबत पाण्याची बाटली. कॅम्परमधलं फक्त रात्री आणि सासूबाईंसाठी. आंघोळीही बाहेरच. भांड्यांचं पाणी वेगळ्या टाकीत जातं आणि ती आणखी लवकर भरते, तेव्हा तेलकट पातेली आधी कागदाने पुसून घ्या. मिशिगनच्या बहुतेक पार्कमध्ये साइटवर वीज असते, नळ आणि सांडपाण्याची जोडणी नसते, त्यामुळे टाकी भरली की भरली.

भाड्याच्या कॅम्परच्या टाक्या मालकच रिकाम्या करतो का, ते करारात बघून घ्या. तुम्हाला करायच्या असतील तर आधी मैल्याची टाकी, मग भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. हातमोजे घाला. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, दोन नळ असतात: एक पिण्याचा, दुसरा पाइप धुण्याचा. पाटी वाचल्याशिवाय बाटली धरू नका. साइट दुपारी 1 ला सोडायची असते आणि अकरा ते एक तिथे रांग लागते. दहाला निघालात तर रांग तुमच्या मागे लागेल.

असे दोन-तीन वीकेंड केल्यावरही नवऱ्याची हौस टिकली, आणि तुमचीही, तर पुढच्या वसंतात खरेदीचं बोला. तेव्हा ट्रेलरवरच्या स्टिकरवरचं जास्तीत जास्त भरलेलं वजन (GVWR) बघा, रिकामं नाही. ते साडेचार हजारांच्या आत हवं, आणि दाराच्या स्टिकरची बेरीज त्या आकड्याने पुन्हा करायची. सासू-सासरे इथे नसताना चौघांसाठी घडीचा पॉप-अप कॅम्परही पुरतो. तो हलका असतो, फक्त पावसात भिजला तर घरी येऊन उघडून वाळवावा लागतो, नाहीतर कापडाला बुरशी.

वापरलेला बघायला जाताना दिखाऊ गोष्टींकडे पाहू नका. मालाची खरी परीक्षा पाणी मुरलंय का ही. चारी कोपऱ्यांत जमीन पायाने दाबा, मऊ लागली तर मागे फिरा. कपाटांच्या आत वरच्या कोपऱ्यात नाक घाला. बाहेरून भिंतीवर तिरका उजेड पाडून फुगवटे शोधा. शिडी लावून छपराचे सांधे बघा, सीलंटला भेगा पडल्या असतील तर आत काय झालं असेल त्याचा अंदाज येतो. तीस-चाळीस डॉलरचा ओलावा मोजायचा मीटर सोबत न्या. टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षं झाली असतील तर टायर बदलायचेच आहेत, ते पैसे किमतीतून वजा करून मागा.

आणि "दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणणाऱ्याला सांगा, त्यांनाच द्या. मिशिगनमध्ये ऑक्टोबरात, हिवाळ्यात कॅम्पर ठेवायच्या जागेचं भाडं भरावं लागण्याआधी, कॅम्पर विकायला निघणारे पुष्कळ असतात.

तूर्तास लेबर डेनंतरचा एखादा वीकेंड धरा. डास कमी, गर्दी कमी, सासू-सासरे अजून इथे. रात्री गारठा पडतो, तेव्हा सासूबाईंची शाल आणि गुडघ्यांचा पट्टा वरच्या पिशवीत असू द्या. विजेच्या साइटवर कॅम्परचा हीटर रात्रभर चालतो, पण तो सुरू होताना मोठा आवाज करतो; पहिल्यांदा दचकू नये म्हणून झोपण्याआधी एकदा लावून दाखवा.